सोपी बास्केट, अवघड मामला

कुठल्याही बास्केटबॉल कोर्टावर सक्काळी सक्काळी चक्कर मारा. पुण्यातलं डेक्कन जिमखाना असो, मुंबईत नागपाड्याचं मस्तान वायएमसीए असो, नाहीतर तुमच्या सोसायटीतलं अर्धं कोर्ट. वॉर्म-अपला जो तो थ्री-पॉइंटर मारण्यात दंग! स्टेफ करीने सगळ्यांनाच वेड लावलंय. मग मॅच सुरू होते. एखादा पठ्ठ्या दोघांना चकवून थेट रिंगखाली पोचतो, समोर चिटपाखरू नसतं... आणि बॉल बोर्डावर धाडकन आपटून बाहेर! वर डायलॉग ठरलेला, "हाइट कमी पडली यार!"

हाइटचा काही संबंध नाही, बॉस. रिंग १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटर. तिचा व्यास ४५ सेंटीमीटर आणि बॉल साधारण २४ चा. जवळजवळ दोन बॉल शेजारी-शेजारी बसतील एवढी ऐसपैस जागा! मग हुकतं कसं? तर वेगामुळे. चालत्या लोकलमधून उतरणारा माणूस कसा दोन पावलं पुढे धडपडतो, तसंच बॉलचं असतं. धावत येताना तुमचा वेग त्याच्यात आधीच भरलेला असतो. त्यात उभ्याने लावता तेवढाच जोर लावलात, की गेला बोर्डावरून पार पलीकडे.

उपाय शेवटच्या दोन पावलांत आहे. पहिलं लांब, दुसरं छोटं पण ठाम. लांब पावलात कंबर जराशी खाली येते आणि छोट्या पावलावर पुढचा वेग वर वळतो. उजव्या हाताने ले-अप असेल तर उजवा-डावा, डाव्या हाताने असेल तर डावा-उजवा. रिंगच्या वर बोर्डावर चौकोन आखलेला असतो ना, त्याचा आपल्या बाजूचा वरचा कोपरा धरायचा. बॉल तिथे फेकायचा नाही, अलगद ठेवायचा.

आता 'कच्च्या' हाताबद्दल. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या डिपॉल युनिव्हर्सिटीत जॉर्ज मायकन नावाचा जाड चष्म्याचा खेळाडू होता. उंची ६ फूट १० इंच, पण हालचाली बोजड. कोच रे मायर यांनी त्याला दोरीउड्या मारायला लावल्या, चक्क डान्स शिकायला लावला. आणि एक साधा सराव दिला. रिंगखाली उभं राहायचं. उजवीकडून उजव्या हाताने बास्केट, बॉल खाली पडायच्या आत पकडायचा, लगेच डावीकडून डाव्या हाताने. पुन्हा उजवीकडून. बॉल हनुवटीच्या खाली आणायचा नाही. आजही जगभर याला 'मायकन ड्रिल' म्हणतात. पुढे मायकन इतका भारी पडायला लागला की १९५१ मध्ये एनबीएने रिंगसमोरची लेन ६ फुटांवरून १२ फूट रुंद केली! म्हणजे बघा, ताडमाड माणसालासुद्धा हे शिकावंच लागलं होतं.

आणि बुटक्यांचं काय? टोनी पार्कर आठवा. ६ फूट २ इंच, म्हणजे एनबीएच्या मानाने छोटाच. पण सॅन अँटोनियोकडून चार वेळा चॅम्पियन आणि २००७ च्या फायनल्सचा एमव्हीपी. त्याचं हत्यार होतं 'टिअरड्रॉप'. धिप्पाड डिफेंडर पोचायच्या आतच, रिंगपासून काही फूट अलीकडून, बॉल त्याच्या हातांवरून उंच तरंगत सोडून द्यायचा. उडी मारून जिंकता येत नसेल तर आधी सोडून जिंका, हा त्यातला फंडा.

आमच्या ग्रुपमध्ये सगळे तिशीपार. आयटीवाले, एक सीए, एक डेंटिस्ट. समोर कॉलेजची पोरं, उडी मारली की रिंगला लटकतील अशी. त्यातला एकजण परवा मला वैतागून म्हणाला, "दादा, तुम्ही इतके स्लो येता की बॉल कधी सोडणार तेच कळत नाही!" ही तक्रार मी जपून ठेवली आहे. ब्लॉक करणाऱ्याला तुमचा ठेका कळला, की तुम्ही संपलात. एक पाऊल रेंगाळा, एक झटक्यात टाका. त्याची उडी चुकली की रस्ता मोकळा.

धक्का लागणार हे मात्र गृहीत धरा. आतला खांदा त्याच्या बाजूला, बॉल बाहेरच्या हातात. तो फारच चिकटला तर रिंगखालून पलीकडे जाऊन रिव्हर्स ले-अप मारा. मध्ये रिंग आणि जाळी आली, की त्याचा हात पोचणं महाकठीण. आणि खाली येताना शक्यतो दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून. एका ताठ पायावर आदळलात तर सोमवारी ऑफिसऐवजी ऑर्थोपेडिककडे हजेरी.

हे सगळं मी का सांगतोय? कारण तिशीनंतर कोर्ट सोडणारे मित्र मी एकामागून एक बघतोय. "आता कुठे तेवढी उडी राहिली," म्हणतात आणि बूट माळ्यावर टाकतात. अरे, उडी जाणारच! पण दोन पावलांचा ठेका, डावा हात आणि बोर्डाचा कोपरा चाळिशीतही शिकता येतो. खेळाआधी दहा मिनिटं पुरतात. पाच मिनिटं मायकन ड्रिल, पाच मिनिटं फक्त कच्च्या हाताचे ले-अप. बघणाऱ्याला बोअर वाटेल, वाटू दे.

थ्री-पॉइंटर काय, नंतरही मारता येतील. आधी रिंगखालचे हक्काचे दोन पॉइंट तर पदरात पाडून घ्या!