गेमिंग लॅपटॉप आणि दोन एकरांचे सोयाबीन



बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आसेगाव परिसरातल्या वस्त्यांमधून काही प्रश्न हमखास आमच्यापर्यंत येतात. पूर्वी ते 'कोणत्या कॉलेजला नंबर लागेल' एवढ्यावर थांबायचे. आता त्याला लॅपटॉपची जोड मिळाली आहे. मुलगा म्हणतो, गेमिंग लॅपटॉपच पाहिजे. बाप म्हणतो, "शिकाले चालला का खेळाले?" आणि शेजारचा कोणीतरी, ज्याच्या घरी असा लॅपटॉप कधीच येऊन पडलेला आहे, तो हसून म्हणतो, "त्याईले काय, स्कॉलरशिप भेटते!"

या शेवटच्या वाक्याचा हिशेब आधी करू. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्याला त्यातून वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले : जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. शैक्षणिक साहित्यासाठी अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना वर्षाला आणखी ५,०००, बाकीच्यांना २,०००. म्हणजे चार वर्षांचे साहित्याचे सगळे पैसे एकत्र केले तरी २०,०००. आज बाजारात चालण्याजोगा स्वस्तातला गेमिंग लॅपटॉप साठ-सत्तर हजारांच्या घरात आहे. ज्यांना 'स्कॉलरशिप भेटते' याची एवढी काळजी आहे, त्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

उरलेले पैसे कुठून येतात? २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. तो पूर्ण मिळाला असे धरले तरी ६५,००० रुपयांचा लॅपटॉप म्हणजे बारा क्विंटलांहून जास्त सोयाबीन. एकरी पाच-सहा क्विंटल झाले तर दोन एकरांचे सगळे पीक, आणि त्यातून बियाणे, फवारणी, सोंगणी वजा न करता. ज्यांना शेतच नाही त्यांनी रोज तीनशे धरून मोजावे : जवळपास दोनशे सतरा दिवसांची मजुरी. म्हणून हा विषय 'कोणता मॉडेल भारी' असा नाही. एवढे पैसे घालून काय मिळते आणि काय जाते, हे पाहिले पाहिजे.

'गेमिंग' या शब्दाने घात केला आहे. तो शब्द दुकानदाराचा. आत असते ते एक वेगळे ग्राफिक्स कार्ड. ते गेम पळवते तसेच ब्लेंडरमध्ये त्रिमितीय चित्र, रेव्हिटमध्ये इमारतीचा आराखडा, सॉलिडवर्क्समध्ये यंत्राचा भाग आणि व्हिडिओ एडिटिंगही पळवते. सुताराला रंधा लागतो, तशी ही त्या मुलांची गरज आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भागातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरात २३.४ टक्के. ही दरी असताना आमच्या पोराने चांगले यंत्र मागितले की त्याला चैन म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही. त्याने संध्याकाळी तासभर गेम खेळला तर त्यावरही कोणी चारित्र्याचा दाखला काढू नये.

पण मित्रांनो, हक्क वेगळा आणि सौदा वेगळा. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपनी ग्राफिक्स कार्डाचे नाव ठळक छापते आणि बाकी ठिकाणी हात आखडते. कुठे आखडते ते बघा.

पहिली गोष्ट उष्णता. बहुतेक कंपन्यांच्या तांत्रिक पत्रकात वापराचे तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेले असते. आपल्या वाशीम जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि टिनाच्या छताखाली किती असतो हे टिनाखाली राहणाऱ्यालाच विचारा. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास तापला की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. म्हणजे ज्या वेगासाठी दोन एकरांचे पीक दिले, तो वेग उन्हाळी सुट्टीत घरी मिळतच नाही. त्यात धूळ. सहा महिन्यांत पंख्यात बोळा बसतो.

दुसरी वीज. या लॅपटॉपचा चार्जर १३५ ते २०० वॉटच्या आसपास असतो, म्हणजे दोन छताच्या पंख्यांएवढा भार. बॅटरीवर हलक्या कामाला चार तास निघाले तरी पुष्कळ, आणि जड काम बॅटरीवर नीट होतच नाही, ग्राफिक्स कार्ड दबून चालते. लाईन गेली की अभ्यास बंद. वजनही चार्जर धरून तीन किलोच्या जवळ. रोज एसटीने ये-जा करणाऱ्याच्या खांद्याला ते कळते.

तिसरी स्क्रीन. पत्रकात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेले दिसले की समजा, रंग फिके आहेत. डिझाईन शिकायला घेतलेल्या यंत्रावर लाल रंग लाल दिसत नाही, ही गंमतच म्हणायची.

आणि कार्डाच्या नावावरही भुलू नका. आरटीएक्स ३०५० हेच नाव ३५ वॉटच्या यंत्रावरही असते आणि ८० वॉटच्याही; कामात मोठा फरक पडतो. दुकानदाराला वॉट विचारा. कार्डाची मेमरी ४ जीबी की ६ जीबी तेही विचारा, जमेल तिथे ६ घ्या. रॅम ८ जीबी असेल तर दुसरी पट्टी बसवायला जागा आहे का, की सगळी बोर्डावरच डकवलेली आहे? घरी येऊन दुरुस्ती करण्याची हमी आपल्या पिनकोडला लागू आहे का? हे कंपनीकडून लेखी घ्या. नाहीतर किरकोळ बिघाडासाठी अकोल्याच्या चकरा.

मग घ्यायचा कोणी? आमचे मत स्पष्ट आहे. आर्किटेक्चर, ॲनिमेशन, मेकॅनिकल-सिव्हिलचे जड डिझाईन किंवा व्हिडिओवर पोट भरायचे असेल, तर घ्या आणि कोणाच्या बोलण्याची पर्वा करू नका. कोडिंग, बीएस्सी, बीकॉम, स्पर्धा परीक्षा यांना त्याची गरज नाही. १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप हलका, थंड आणि बराच स्वस्त पडतो. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांनी सुरुवात गुगल कोलॅबवर करावी, तिथे ग्राफिक्स कार्ड मर्यादित वेळ फुकट मिळते. आणि घरूनच शिकणाऱ्याने तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जोडावा. तो थंड राहतो, तालुक्याचा मेकॅनिक उघडू शकतो, भाग एकेक करून बदलता येतात. अभ्यासिकेत असा एक डेस्कटॉप दहा घरांनी मिळून घेतला तर घरामागे सहा-सात हजार येतात.

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल थोडेसे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते व्याज प्रोसेसिंग फीमध्ये किंवा किमतीत दडवलेले असते. रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी लिहा, मगच सही करा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'मोफत लॅपटॉप'च्या लिंकवर आधार नंबर भरू नका.

राहिला तो ५,००० रुपयांचा आकडा. तो ठरला तेव्हापासून प्रत्येक कॉलेजचे काम ऑनलाईन झाले, लॅपटॉप वहीइतका सक्तीचा झाला, आणि हा आकडा मात्र वहीच्याच भावात राहिला. या सत्रात वाशीमच्या समाजकल्याण कार्यालयात निवेदन द्यायचे असेल, तर त्यात नुसती घोषणा नको. कॉलेज ज्या पानावर 'लॅपटॉप आवश्यक' असे छापते, त्या पानाची झेरॉक्स आणि दुकानाचे १८ टक्के जीएसटीसह कोटेशन जोडा.