गळा पाहून हार

मराठी शिकवण्याचा धंदा पत्करल्यापासून मला एका गोष्टीचे नवल वाटत आले आहे. एरवी शब्दांच्या बाबतीत एवढी उधळी असलेली ही भाषा गळ्यापाशी आली की भलतीच काटकसर करते. देहाचा गळा तो गळा, पोलक्याचा गळा तोही गळा आणि गाण्याचा गळा तोही गळाच! शिंपी विचारतो, “गळा केवढा ठेवू?” सोनार विचारतो, “गळ्यातले काय दाखवू?” आणि गाण्याचे मास्तर सांगतात, “मुलीचा गळा बरा आहे.” तिघे तीन निरनिराळ्या वस्तूंबद्दल बोलतात, पण शब्द एकच.

या तिहींपैकी पहिल्या दोघांची गाठ घालून देण्याचे काम दिवाळीच्या सुमारास घरोघर चालते. आमच्या मिठबावातही चालते. नवरात्र संपले न संपले तोच शिंप्याच्या यंत्रापुढे मुली मोबाइल धरून उभ्या राहतात. कुणाला पानाचा गळा हवा असतो, कुणाला मटक्याचा, कुणाला ‘बोट नेक’. आमच्या किनाऱ्यावर होड्या रोज उठून दिसतात. पण होडीसारखा गळा शिवायला मात्र सिनेमातल्या नटीने आधी दाखवावा लागला! पोलके शिवून घरी आले की कपाटातली पेटी उघडते आणि तो सनातन प्रश्न विचारला जातो : “आता यावर गळ्यात काय घालू?” एम. ए. झालेल्या बाईला सगळेच येत असणार, अशा समजुतीने हा प्रश्न पुष्कळदा माझ्याकडे येतो. तेव्हा भगिनींनो, यंदाच्या दिवाळीत त्याचे उत्तर या सदरातच देऊन टाकते.

नियम तसा सोपा आहे. कापडाची कड ही एक रेघ आणि दागिना ही दुसरी रेघ. या दोन रेघांनी एक तर शेजारणींप्रमाणे बरोबरीने चालावे, नाही तर एकमेकींपासून चांगले अंतर ठेवावे. अर्धा दागिना कापडाखाली आणि अर्धा वर, असे मात्र होऊ नये. पोलक्याचा गळा गोल आणि बेताचा असेल तर ठुशी, वज्रटीक असे गळ्याला बिलगणारे दागिने घालावेत. मध्ये दोन बोटे मोकळी जागा राहिली की दोघांचीही शोभा वाढते. चौकोनी गळ्याला चिंचपेटी फार छान दिसते, कारण तिच्या मोत्यांच्या चौकोनी पेट्या त्या कोपऱ्यांशी नाते सांगतात. खाली टोकाला उतरणारा गळा असेल तर तन्मणी घालावा. त्याचे खोड नेमके त्या टोकाकडे बोट दाखवते. पोलके गळ्यापर्यंत बंद असेल, कॉलरचे असेल किंवा होडीच्या गळ्याचे असेल, तर लहान दागिन्यांच्या वाटेला जाऊच नये. तिथे मोहनमाळ, बोरमाळ किंवा पुतळ्यांची माळ कापडावरून सरळ खाली सोडावी. पाठीचा गळा खोल ठेवून त्याला गोंडे लावले असतील, तर ठुशीचा गोंडा तिथेच लोंबू देऊ नये. पाठ म्हणजे काही बैलपोळ्याचा बैल नव्हे.

मापाची एक युक्तीही सांगते. पोलके अंगात घालून आरशापुढे साधा दोरा गळ्याभोवती धरावा आणि हव्या त्या ठिकाणी गाठ मारावी. सोळा इंचांची माळ साधारणपणे गळ्याच्या मुळाशी बसते, अठरा इंचांची गळ्याखालच्या हाडावर येते आणि चोवीस इंचांची छातीवर उतरते. पण बाई सडपातळ की अंगाने भरलेली, यावर हे दोन-तीन इंचांनी बदलते, म्हणून पुस्तकातल्या मापापेक्षा दोऱ्याचे माप खरे. आणि आपल्या कोकणच्या दमट हवेत आणखी एक पथ्य पाळावे. घामाने मोत्याचे पाणी उतरते आणि खाऱ्या वाऱ्याने तांब्याचा नकली दागिना हिरवा पडतो. तेव्हा उतरवल्यावर तो कोरड्या फडक्याने पुसून ठेवावा, आणि दोरा सैल दिसला तर तुटण्याची वाट न पाहता माळ पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्यावी.

इथवरचे ज्ञान कुणीही देईल. पण आपले जुने दागिने गळ्याशी एवढे बिलगून का बसतात, याचा विचार केला तर मौज वाटते. नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की खणाची चोळी जवळजवळ झाकून जाते. उघडा राहतो तो फक्त गळा. दागिन्याला मिरवायला जागाच तेवढी! म्हणून ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक यांची दाटी तिथे झाली, आणि लांब माळांनी पदराच्या फटीतून डोकावण्यात समाधान मानले. राजा रविवर्म्यांची चित्रे 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातून घरोघरच्या भिंतींवर गेली, तेव्हा ती केवळ देवाची चित्रे राहिली नाहीत; कोणते लुगडे कसे नेसावे आणि त्यावर काय घालावे, याचा तो कित्त्याचा फळाच झाला. पुढे 1911 साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. त्यातली भामिनी झालेल्या बालगंधर्वांचे नेसणे आणि नटणे पाहून कुलीन घरच्या बायकांनी आपले नटणे सुधारून घेतले. बायकांनी कसे दिसावे ते एका पुरुषाने दाखवले आणि बायकांनी ते आनंदाने उचलले!

नावे तरी काय सुंदर आहेत पाहा. जोंधळ्याच्या दाण्यासारखे मणी ती जोंधळी पोत, बोरासारखे मणी ती बोरमाळ, बकुळीच्या फुलांचा तो बकुळी हार, आणि कोल्हापुरी साजात तर जवाच्या आकाराचे मणी. शेतातले पीक आणि परसातली फुले आपण सोन्यात ओवून गळ्यात घातली.

हे दागिने टिकतात, पोलकी टिकत नाहीत. चोळी गेली, झंपर आला. बंद गळे आले, गेले, पुन्हा आले. जानेवारी 1963 मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी झाली, तेव्हा आजीच्या पेटीतल्या जुन्या सोन्याचे मोल बायकांना अधिकच कळले. पोलके दोन दिवाळ्या पाहते, माळ तीन पिढ्या पाहते. म्हणून माझे साधे म्हणणे असे की, पोलके शिवून मग त्यावर हार शोधत बसण्यापेक्षा हारच घेऊन शिंप्याकडे जावे आणि त्याला सांगावे, “याला शोभेल असा गळा काप.”

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले त्या गोष्टीकडे वळते. कार्तिकी एकादशीनंतर आमच्या भागात जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतारी नाटके रंगतात. त्यातली राणी म्हणजे पुरुषच. दिवसा कुठे तरी काम करणारा हा गडी रात्री आपल्या हातांनी तोंड रंगवतो, जरीचे लुगडे नेसतो आणि गळ्यापासून कमरेपर्यंत माळाच माळा घालतो. त्याला पोलक्याच्या गळ्याचा नियम लागू नाही. देवळाच्या पायरीवर बसलेल्या शेवटच्या म्हातारीला दिसले पाहिजे, हाच त्याचा नियम. त्या राणीकडे डोळे लावून बसलेल्या बायकांत काही गळे अगदी ओके असतात. दागिन्याचा हौशी पुरुष रंगमंचावर, आणि ज्यांचे दागिने उतरवले गेले त्या बायका खाली जमिनीवर. नाटक पाहता पाहता माझी नजर अनेकदा तिकडेच वळते.

माझी धाकटी काकू त्यांतलीच एक. ऐन पस्तिशीत तिचा नवरा गेला. तिची बोरमाळ सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळलेली, बिस्किटांच्या जुन्या डब्यात आहे. काकू गावातल्या शिंप्याकडेच पोलकी शिवते. तो येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारतो, “गळा केवढा ठेवू?” काकूला मात्र कधी विचारत नाही. तिचा गळा बंदच असायचा, हे त्याला ठाऊक असते. त्यात त्याचा दुष्टपणा नाही. गावाच्या रिवाजाचे माप त्याच्या टेपवर लिहिलेले आहे, इतकेच.

गेल्या वैशाखात घरात लग्न होते. माझी भाची पोरींच्या गळ्यांना दागिने जुळवून देत बसली होती. डबा तिच्या हाती लागला. बोरमाळ घेऊन ती थेट काकूपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “आजी, बंद गळ्यावर लांब माळच शोभते. नियमच आहे तसा.”

काकू मागे सरली. “माका आता ह्या कित्याक गो बाय? लोक काय म्हणतले?”

“लोक म्हणतील, आजीला नियम माहीत आहे,” पोरगी म्हणाली आणि तिने माळ घातलीच.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी मोठ्याने विचारले, “ह्या वयात हौस बरी सुचली?” काकूने काही उत्तर दिले नाही, माळ पदराखाली सारली. जेवणे होईपर्यंत ती तशीच पदराखाली राहिली. फोटोच्या वेळी मात्र तिने ती आपल्या हाताने बाहेर काढली आणि पदर नीट केला. ते पाहिले मी, आणि बहुधा त्या बाईंनीही.

आपल्या कोकणात गळ्याचा हा इतिहास फार जुना आहे. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता 1856 साली मिळाली. पण 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्याच मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे आमच्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांनी हा कित्ता गिरवावा, असे सुचवले. कायदा एका दिवसात होतो, ठराव एका सभेत होतो. पण पदराखाली गेलेली माळ बाहेर यायला प्रत्येक घरात वेगळा मुहूर्त लागतो. तो मुहूर्त सरकार काढून देऊ शकत नाही. तो घरातल्या माणसांनीच काढायचा असतो, आणि त्यातही बहुतेक वेळा घरातल्या बायकांनीच. कारण “ह्या वयात हौस?” हे विचारणारा आवाज, खेदाने सांगावे लागते, पुष्कळदा बाईचाच असतो.

आता मला वाटते, आपली भाषा काटकसरी नव्हे, शहाणी आहे. पोलक्याचा गळा, देहाचा गळा आणि आवाजाचा गळा यांना तिने एकच शब्द दिला, कारण एक बंद केला की हळूहळू तिन्ही बंद होतात, हे तिने फार पूर्वी पाहिलेले असावे. काकू या नवरात्रात शिंप्याकडे गेली होती. त्याने सवयीने जुनेच माप लिहायला घेतले, तेव्हा ती म्हणाली, “गळो जरा उतरव.” त्याने मान वर करून पाहिले, मागचे माप खोडले आणि दुसरे लिहिले. किती उतरवला, ते पोलके शिवून आल्यावर कळेल. काकूने उतरवून उतरवून तो किती उतरवला असणार! बोटभर असेल. पण बोटभर गळ्याला ठुशी छान बसते, हे वर सांगितलेच आहे.

तेव्हा भगिनींनो, लक्ष्मीपूजनाला पेटी उघडाल, कोणत्या पोलक्यावर कोणती माळ ते ठरवाल, त्या वेळी एवढे करा. दागिने मोजण्याआधी घरातले गळे मोजा. सासू, आत्या, मावशी, काकू, कुणालाही वगळू नका. मग चौकोनी गळा की गोल, हा प्रश्न सोडवायला अवघी संध्याकाळ पडली आहे.