पुडिंग मिल लेनला उतरल्यावर

पूर्व लंडनमधलं पुडिंग मिल लेन स्टेशन. शहर नवखं, धाकधूक होतीच. पण फलाटावर चंदेरी बूट घातलेल्या साठीच्या तिघी दिसल्या आणि रस्ता विचारायची गरजच उरली नाही. समोरच अ‍ॅबा अरीना. मे २०२२पासून इथे स्वीडिश पॉप बँड अ‍ॅबाचे चौघे ऐन तरुणपणीच्या रूपात गातात. रूपं डिजिटल, साथीला मात्र १० जणांचा हाडामांसाचा वाद्यवृंद. पडद्यावरच्या प्रतिमांनी गळा दाटून येईल का, ही शंका दुसऱ्या गाण्यापर्यंतही टिकली नाही. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. घरी झिजवलेली अ‍ॅबाची कॅसेट आठवत राहिली. असंच गाण्यापायी परक्या गावी गेलेल्या वाचकांचे अनुभव या अंकात आहेत; मी ते एका बैठकीत वाचले.