काचेचं कोर्ट उचलून नेल्यावर काय उरतं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन मुंबईत, बीकेसीत भरलं होतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटला तिथे जागा मिळाली, ही बातमी सगळ्यांना आठवते. त्याच अधिवेशनात स्क्वॉशलाही ऑलिम्पिकचं दार पहिल्यांदा उघडलं, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात आहे. आता या खेळाला नवे प्रेक्षक हवे आहेत. त्यामुळे जगातल्या अव्वल महिला खेळाडू प्रदर्शनीय सामन्यांच्या दौऱ्यांवर आपल्याकडे येतील, आणि त्यांनी यावंच.

त्या आल्या की आपल्यात काय बोललं जाईल, याचा अंदाज मला आहे. या खेळाच्या शिखरावर सध्या इजिप्तच्या मुली आहेत. रनीम अल वलीली २०१५ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिली आली, तेव्हा कोणत्याही खेळात तिथवर पोचलेली ती पहिली अरब महिला होती. नूर अल शर्बिनी आठ वेळा जगज्जेती झाली आहे. त्यामुळे एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिमानाचे फोटो फिरतील आणि दुसऱ्या ग्रुपवर त्यांच्या कपड्यांवर वाद होईल. जिला स्वतः रॅकेट हातात घ्यायची आहे, ती आपल्या मोहल्ल्यातली मुलगी या दोन्ही ग्रुपवर नसेल.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. आमच्याकडे डेमो नावाचा प्रकार असतो. क्लायंटसमोर सगळं सुरळीत चालतं, लोक टाळ्या वाजवतात. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू होतो : आता हे चालवणार कोण, आणि वापरायला कोणाला मिळणार? प्रदर्शनीय सामना हाही डेमोच आहे. काचेचं कोर्ट सुट्या भागांत येतं आणि जागेवर जोडलं जातं. बाहेरच्यांना आतला खेळ दिसतो, खेळाडूला मात्र समोर भिंतच जाणवते. गिझाच्या पिरॅमिडसमोर आणि न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात अशी कोर्टं उभी राहिली आहेत. सामने संपले की ती उघडून ट्रकमध्ये भरतात. पाहुण्या जातात, त्यांच्याबरोबर कोर्टही जातं.

मग आदर्श समोर असणं पुरेसं नाही का? पाकिस्तानकडे बघा. १९५१ मध्ये हाशिम खान यांनी ब्रिटिश ओपन जिंकली. जहांगीर खान यांनी हीच स्पर्धा सलग दहा वेळा जिंकली, तर जानशेर खान आठ वेळा जगज्जेते झाले. पेशावरच्या परिसराइतके स्क्वॉशचे हिरो जगात कुठे झाले असतील असं वाटत नाही. तरी त्याच पेशावरमध्ये दक्षिण वझीरिस्तानातून आलेली मारिया तूरपकाई लहानपणी केस कापून, मुलगा म्हणून, चंगेज खान या नावाने खेळात उतरली. स्क्वॉश अकादमीने जन्मदाखला मागितला तेव्हा ती मुलगी असल्याचं उघड झालं. पुढे धमक्या आल्या. कोर्टावर जाणं धोक्याचं झालं, तेव्हा ती घरातल्या खोलीच्या भिंतीवर चेंडू मारत सराव करत राहिली.

२००९ मध्ये मुलींची जागतिक ज्युनिअर स्पर्धा आपल्या चेन्नईत झाली. तिथे अलेक्झांड्रियाची नूर अल शर्बिनी अवघ्या तेराव्या वर्षी विजेती ठरली. त्याच स्पर्धेत मारिया तिसरी आली. दोघी मुस्लिम घरांतल्या, दोघींच्या अंगात खेळ भरलेला. पण एकीच्या मागे इजिप्तची क्लबांची व्यवस्था होती. तिथे मुलगे आणि मुली एकाच क्लबात शिकतात, लहान खेळाडू रोज मोठ्यांचा खेळ बघतात. दुसरीच्या मागे तिचे वडील आणि एक भिंत. मारियाने जगभरच्या क्लबांना ईमेल पाठवले, शेवटी कॅनडाच्या जोनाथन पॉवर या माजी अव्वल खेळाडूने उत्तर दिलं आणि २०११ मध्ये ती टोरंटोला गेली. तिच्या जिद्दीला सलाम. पण जिथे खेळायला एवढी जिद्द लागते, तिथे बाकीच्या हजार मुली घरीच बसतात.

इजिप्तचंही सगळं गोड नाही. तिथले क्लब सदस्यांचे असतात आणि सदस्यत्व गरिबाच्या खिशाला परवडत नाही. आपल्याकडे हाच अडसर आणखी उंच आहे. मुंबईतली स्क्वॉश कोर्टं मुख्यतः जिमखाने, क्लब आणि मोठ्या हाउसिंग सोसायट्यांच्या आत आहेत. बीकेसीच्या ज्या सभागृहात ऑलिम्पिकचा निर्णय झाला, तिथून बेहरामपाडा फार दूर नाही. तिथल्या किती मुलींनी स्क्वॉशचं कोर्ट आतून पाहिलं असेल?

मी काम करतो त्या आयटी पार्कमध्ये एक कोर्ट आहे. सकाळी आणि रात्री तिथे नंबर लावावा लागतो. दुपारी अकरा ते पाच ते रिकामं असतं, दिवे चालू असतात. माझी भाची मुंब्र्यात सातवीत शिकते. शाळा सकाळची, एक वाजता सुटते. शाळेला मैदान नाही. अंधार पडायच्या आत घरी यायचं, हा तिच्या घरचा नियम. म्हणजे तिच्याकडे जी वेळ मोकळी आहे, त्याच वेळी माझ्या ऑफिसचं कोर्ट मोकळं आहे. तिथे ती पोचणार नाही, ते फार लांब आहे. पण हा हिशेब आपल्या प्रत्येक शहरात मांडता येईल : रिकामं कोर्ट कुठे आहे, कधी रिकामं आहे, आणि त्या वेळी कोणत्या मुली मोकळ्या आहेत.

परद्याचा मुद्दा निघेल. खरं तर स्क्वॉशला चार भिंती आणि साधारण पावणेदहा बाय साडेसहा मीटर जागा लागते. ज्यांना फक्त मुलींची वेळ हवी, त्यांना ती देणं या खेळात इतर खेळांपेक्षा सोपं आहे. जानेवारी २०१८ मध्ये रियाधला महिलांची व्यावसायिक स्पर्धा झाली, ती प्रिन्सेस नूरा या महिला विद्यापीठात. मुलीने काय घालून खेळायचं, ते ती ठरवेल. आपण दार उघडं ठेवायचं.

'आधी शिक्षण, मग खेळ' असंही कोणी म्हणेल. पुरुषांमध्ये जगज्जेता ठरलेला अली फराग हार्वर्डचा मेकॅनिकल इंजिनीअर आहे. त्याची पत्नी नूर अल तय्यब आई झाल्यावर पुन्हा व्यावसायिक कोर्टावर उतरली. इंजिनीअरिंगची चार वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, अभ्यासाचं नुकसान खेळण्यापेक्षा मोबाइलने जास्त होतं.

म्हणून पुढचा दौरा आपल्या शहरात येईल, तेव्हा तिकीट काढा, टाळ्या वाजवा आणि आयोजकांना लेखी विचारा. ज्या क्लबात सामना आहे, तो क्लब आठवड्यातून दोन दुपारी सदस्य नसलेल्या मुलींना कोर्ट देईल का? रॅकेट आणि चेंडू कोण देणार? स्थानिक महिला कोच तयार करायचा खर्च प्रायोजक उचलतील का? हे खेळाडूंनाही विचारा, कारण त्यांच्या शब्दाला वजन असतं. महिलांना पुरुषांइतकी बक्षिसाची रक्कम मिळावी म्हणून दीपिका पल्लीकल काही वर्षं राष्ट्रीय स्पर्धा खेळली नाही. रक्कम समान झाली, तेव्हा २०१६ मध्ये ती परतली.

आणि हेच प्रश्न आपल्या ट्रस्टींनाही विचारा. आपल्या शहरांत शादीखान्यांसाठी जमीन सापडते, देणगी जमते, मजला चढतो. त्याच इमारतीत मुलींसाठी एक खेळाची खोली का निघत नाही? क्लबवाल्यांकडे दोन दुपारी मागताना आपल्या संस्थांनी किती दुपारी दिल्या, हेही आपल्याला सांगता आलं पाहिजे. सामन्यानंतर सहा महिन्यांनी एकच आकडा मोजू या : किती मुली अजूनही खेळायला येत आहेत. तो शून्य निघाला, तर दौरा कितीही गाजला असला तरी आपल्या मुलींच्या हाती काही आलं नाही.