विश्लेषण : घरकुलाची यादी आता ‘वैयक्तिक’ ठरणार?

समजा, गोंडपिपरी तालुक्यातील एखाद्या गावात पक्के घर असलेल्याला घरकुल मंजूर झाले आणि कुडाच्या घरात राहणारा वंचित राहिला. त्याने पंचायत समितीकडे लाभार्थ्यांची नावे व रकमा मागितल्या, तर ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे उत्तर देणे नोव्हेंबर २०२५ पासून सोपे झाले आहे.

नेमका बदल काय?

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ८(१)(जे) नुसार सार्वजनिक कामकाजाशी वा हिताशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अवाजवी आक्रमण करणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येत असे. जी माहिती संसद वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुकही होते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सारे वगळले. आता माहिती ‘वैयक्तिक’ असणे एवढेच कारण पुरते.

सरकारचे म्हणणे काय?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले; त्याच्याशी सुसंगत हा बदल आहे. शिवाय कलम ८(२) कायम आहे. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते.

मग अडचण कुठे?

जनहित मोठे की नाही, हे ठरवणार तोच अधिकारी, ज्याच्या कार्यालयाचा कारभार तपासायचा आहे. याआधीही, २०१२ च्या गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणातील निकालानंतर कर्मचाऱ्यांची मालमत्ता व शिस्तभंगाची माहिती अनेकदा नाकारली गेली. आता नकाराचा आधार आणखी रुंदावला. नकार मिळाल्यास प्रथम अपील आणि मग राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे द्वितीय अपील. मजुरी बुडवून हा पाठपुरावा किती जण करतील?

नागरिकांकडे मार्ग कोणता?

कलम ४(१)(ख) मध्ये बदल झालेला नाही. अनुदान योजनांच्या रकमा व लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयांनी न मागता प्रसिद्ध करावा, असे ते सांगते. त्यामुळे अर्जातच कलम ४ आणि ८(२) यांचा उल्लेख करणे उपयोगी. आधार क्रमांक, बँक खाते झाकावे; नाव, गाव आणि रक्कम झाकण्याचे कारण नाही, कारण पैसा सार्वजनिक आहे.

केंद्राच्या आधी, २००२ मध्येच माहिती अधिकाराचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने किमान या याद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची सक्ती काटेकोर पाळावी. मग गावकऱ्याला अर्जच करावा लागणार नाही.