साठ दिवसांचा हिशेब

गेल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक आपल्या बांधकाम परवानगीचे सारे कागद कापडी पिशवीत घालून माझ्याकडे आले, आणि कृष्णाकाठच्या त्यांच्या गावी साडेतीन गुंठ्यांत उभ्या असलेल्या वडिलोपार्जित घरावर दोन खोल्या चढविण्याची साधी इच्छा वर्षभर कशी ताटकळली आहे, हे त्यांनी कोणावरही आगपाखड न करता, एकेक कागद पुढे ठेवीत मला सांगितले. पहिल्या त्रुटीपत्रात मोजणीचा नकाशा जुना असल्याचा शेरा होता; नवी मोजणी करून दिल्यावर दुसऱ्या पत्राने सहहिस्सेदाराचे संमतिपत्र मागितले; तेही जोडल्यावर तिसरे पत्र आले की, पूर्वेकडील सामासिक अंतर नकाशात दर्शविलेले नाही. तो नकाशा पहिल्या दिवसापासून नगरपरिषदेच्या दप्तरी होता. तिन्ही उणिवा खऱ्या होत्या, हे गुरुजींना मान्य आहे. त्या एकाच पत्रात का कळविल्या गेल्या नाहीत, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मूळ महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात आहे. त्याच्या ४५ व्या कलमाने अर्ज नाकारताना कारणे नमूद करण्याचे बंधन नियोजन प्राधिकरणावर घातले, आणि साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास, बांधकाम विकास आराखड्याशी व नियमावलीशी सुसंगत असेल तर, परवानगी मिळाली असे मानण्याची तजवीजही केली. परंतु हे साठ दिवस अर्ज पोहोचल्यापासून किंवा अर्जदाराने मागितलेली माहिती पुरविल्यापासून, यांतील जी तारीख नंतरची असेल तेथून मोजावयाचे असल्यामुळे, प्रत्येक नव्या त्रुटीपत्राबरोबर मुदत पुन्हा पहिल्या दिवशी येऊन उभी राहते. अर्ज फेटाळला गेला असता तर ४७ व्या कलमान्वये शासनाकडे अपील करता आले असते. पण त्रुटीपत्र हा नकार नव्हे आणि होकारही नव्हे, म्हणून त्याविरुद्ध दाद मागण्यास ते कलम वाट देत नाही. माझ्या मते नकारापेक्षा ही अवस्था अधिक क्लेशदायक आहे.

लहान गावांत एकाच अभियंत्याकडे रस्ते, गटारे, पाणीयोजना आणि बांधकामाचे अर्ज अशी चार कामे असतात, हे मी पाहिले आहे, आणि त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. तरीही या विलंबाचा भार कोणावर पडतो, हे पाहिले पाहिजे. ज्याने अर्जच केला नाही त्याचे घर केव्हाच उभे राहते. त्याच्यासाठी २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणण्यात आली. त्या वस्त्यांतील गरिबांना छप्पर मिळाले याचा मला आनंदच आहे; पण नियम पाळून रांगेत उभा राहिलेला मनुष्य शेवटी मागे राहतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

विश्वास टाकणे शासनाला अशक्य आहे असेही नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून राज्यभर लागू झालेल्या एकत्रीकृत नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना परवानगीची पुष्कळ सोपी वाट दिलेली आहे. गुरुजींचा भूखंड मोठा असल्यामुळे ती त्यांना बंद आहे. त्यांच्यासारख्यांसाठी एवढेच करावे की, अर्ज बारनिशीत नोंदला गेल्यापासून पंधरा दिवसांच्या आत साऱ्या त्रुटी एकाच पत्राने, सुबोध मराठीत कळविण्याचे बंधन कलमातच घालावे, आणि मूळ कागदांवरूनच दिसणारी उणीव मागाहून काढली गेल्यास तिच्यामुळे मुदत नव्याने सुरू होऊ नये. शासनाने हा बदल येत्या अधिवेशनातच आणावा.

गुरुजींच्या विटा गेल्या मार्गशीर्षापासून अंगणात रचलेल्या आहेत. त्यांची तिसरी पूर्तता नगरपरिषदेने वैशाखात दाखल करून घेतली असून, तेथून मोजलेले साठ दिवस आषाढात, ऐन पावसात संपतात.