मीठ, वारा आणि पाकिटावरचं नाव

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत देवासला मावशीकडे जाणं झालं. बेळगावहून देवास म्हणजे हाकेच्या अंतरावर नाही. इंदूरला उतरायचं आणि पुढं पस्तीस-चाळीस किलोमीटर जायचं. मावशी दारातच उभी होती. लग्न होऊन माळव्यात आली त्याला साठ वर्षं झाली. घरात मराठी, बाजारात हिंदी. पण मला पाहिल्याबरोबर तोंडातून पहिला शब्द आला तो कानडीच, "ऊट आतेनपा?"

देवासचं नाव आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे ते कुमार गंधर्वांमुळं. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमारजी क्षयानं आजारी पडल्यावर कोरड्या हवेसाठी १९४८ साली देवासला आले आणि तिथलेच झाले. १९९२ साली गेले, तेही तिथूनच. त्याच कोरड्या हवेवर गेली चाळीसहून अधिक वर्षं माझ्या मावशीचं घरही चाललं आहे. तिचा धंदा वाळवणाचा.

काकांचा पगार पुरेना म्हणून तिनं दोन पत्र्याच्या डब्यांवर सुरुवात केली. माहेरची विद्या कामी आली. गुरेळ्ळ चटणी, अगशीची चटणी, मेतकूट, कुरडया, उडदाचे पापड, आणि सगळ्यांत नावाजलेली सांडगी मिरची, म्हणजे आपल्या कानडी घरांतली बाळकद मेणसिनकाई. मिरचीला चीर द्यायची, आत मसाला भरायचा, रात्री मीठ घातलेल्या ताकात बुडवायची, दिवसा उन्हात टाकायची, संध्याकाळी पुन्हा ताकात. मिरची पांढुरकी पडून खडखडीत वाजेपर्यंत हेच. आता माझा मावसभाऊ दुकान पाहतो. दर पंधरा दिवसांनी पिशव्या भरून इंदूरमार्गे धारला जातो. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थानं, त्यामुळं मराठी घरं दोन्हीकडं पिढ्यान् पिढ्यांची. धारच्या किल्ल्यात तर १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. तिथल्या आज्यांना मावशीच्या मिरचीशिवाय दहीभात जात नाही.

मी गेलो तेव्हा मात्र घरात जरा ताण होता. इंदूरच्या एका व्यापाऱ्यानं प्रस्ताव ठेवला होता. माल तो बनवणार, विजेच्या यंत्रात एका रात्रीत वाळवणार, पाकिटावर नाव मात्र मावशीचं आणि तिचा फोटो. दर महिन्याला ठरलेली रक्कम घरी येणार. मावशी म्हणाली, "मी न केलेल्या मिरचीवर माझं तोंड कशाला?" त्यावर वहिनी कधी नव्हे ते बोलल्या. "आई, नाव तुमचं आहे, पण मनगट माझं आहे." त्यांनी हात पुढं केला. बावीस वर्षं पापडाचं पीठ कुटून आणि लाटून दोन्ही मनगटं सुजलेली. मावशी गप्प झाली. मीही. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना श्रमाचं मूल्य मी फळ्यावर लिहितो. ते असं समोर आल्यावर काय बोलावं ते सुचेना.

त्याच रात्री स्पेनहून नातवाचा व्हिडिओ कॉल आला. हा सालामांकाला शिकायला गेला आणि सुट्टीच्या दिवसांत जवळच्याच गिहुएलो गावातल्या एका छोट्या घरगुती दुकानात काम करतो. दुकान कशाचं, हे त्यानं आजीपासून दोन वर्षं लपवलं होतं. मावशीच्या घरात अंडंही चालत नाही. त्या रात्री त्यानं धीर करून फोन फिरवला. छतापासून ओळीनं डुकराच्या अख्ख्या मांड्या टांगलेल्या, प्रत्येकीला खाली एक छोटी वाटी अडकवलेली, गळणारी चरबी जमा व्हायला. बाजूला मेंढीच्या दुधाचं चीज, ऑलिव्ह, आणि लालभडक चोरिसो. आपल्या गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळांसारखे लटकतात ते चोरीस, त्यांचेच हे भाऊबंद.

मला वाटलं, आता मावशी फोन ठेवायला सांगणार. ती चष्मा सारखा करून म्हणाली, "मीठ किती दिवस?"

नातू खुलला. "आजी, साधारण किलोला एक दिवस. मांडी आठ किलोची असली तर आठ-नऊ दिवस समुद्री मिठाच्या ढिगात पुरून ठेवतात. मग धुऊन दोनेक महिने थंड खोलीत, म्हणजे मीठ आतपर्यंत मुरतं. मग वाऱ्यावर. हे गाव हजारेक मीटर उंचीवर आहे, डोंगराकडून थंड कोरडा वारा येतो. खिडक्या कधी उघडायच्या, कधी लावायच्या, तेवढंच माणसाचं काम. मग तळघरात. चांगल्या मांडीला तीन-तीन वर्षं लागतात, वजन तिसऱ्या हिश्शानं घटतं."

"तीन वर्षं पैसा अडकून?" मावसभावानं विचारलं. तो दुकानदार, त्याला दुखणारी जागा बरोबर सापडली. घरगुती धंद्याचं गणित खरं तर इथंच अवघड होतं. आज घातलेला पैसा तीन वर्षांनी परत येणार, तोवर घर चालवायचं कशावर? म्हणून तिथली छोटी दुकानं चीज, चोरिसो, मिरचीपूड असा लवकर खपणारा माल सोबत ठेवतात. रोजची भाकरी त्यावर निघते, नाव मांडीवर चालतं. मावशीच्या दुकानातही तसंच आहे. घर चालतं मेतकूट-चटणीवर, गिऱ्हाईक येतं सांडग्या मिरचीसाठी.

"आणि झाली हे कसं कळतं?" मावशीनं विचारलं.

"हाडाची सुई असते आजी. जनावराच्या हाडाची, बारीक. मांडीत खुपसायची, काढायची आणि वास घ्यायचा. आमच्या मालकांचे वडील ऐंशीचे आहेत, वास तेच घेतात."

मावशी हसली. तीही लोणच्याची बरणी उघडून आधी वासच घेते. चव नंतर.

मग नातवानं जे सांगितलं, त्यावर घरातली सगळी चर्चा फिरली. तिथं इबेरिको नावाची काळ्या डुकरांची जात आहे. सगळ्यांत नामांकित मांडी त्या जातीच्या अशा डुकरांची, जी साधारण ऑक्टोबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत ओकच्या रानात मोकळी चरतात आणि झाडांखाली पडलेली फळं खाऊन पोसतात. पण नावाला भाव आला की नावाचा गैरवापरही आला. संकरित जनावर, गोठ्यातला दाणा, आणि जाहिरातीत मात्र ओकची रानं. अखेर २०१४ साली सरकारनं नियम केला. प्रत्येक मांडीवर रंगीत पट्टी हवी. काळी पट्टी म्हणजे शंभर टक्के शुद्ध जात आणि रानातली ओकफळं. लाल म्हणजे ओकफळंच, पण जात संकरित. हिरवी म्हणजे रानात हिंडलेलं, पण दाण्यावरही पोसलेलं जनावर. पांढरी म्हणजे गोठ्यात दाण्यावर वाढलेलं. 'काळा पाय' हे लोकांच्या तोंडचं कौतुकाचं नाव आता फक्त काळ्या पट्टीलाच वापरता येतं.

"मग पांढऱ्या पट्टीची लोक घेत नाहीत?" वहिनींनी विचारलं.

"काकू-मावश्या रोज तीच घेतात, आई. स्वस्त आहे, पोरांच्या डब्याला चालते. काळी पट्टी सणाला. पांढरी विकायची कुणाला लाज नाही. पांढरीला काळी म्हणून विकलं तर मात्र दुकान संपलं."

फोन ठेवल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मावशीच म्हणाली, "यंत्र वाईट नाही. खोटं वाईट." आणि थोड्या वेळानं, वहिनींचा हात हातात घेऊन, "या देवासात एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती दोन्ही नांदल्या. एका दुकानात दोन पाकिटं नांदतील."

वाचकांसाठी सांगायला हवं, देवासला पवारांच्या दोन भावांच्या वंशजांची दोन राज्यं एकाच गावात होती. हद्द गावातून जायची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते, त्यांनी १९५३ साली आपल्या पुस्तकाला तिथल्या देवीच्या टेकडीचंच नाव दिलं. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. हद्द कशी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसं कशी संसार करतात, हे आपल्या सीमाभागाला वेगळं सांगायला नको.

व्यापाऱ्याला नकार गेला. त्याऐवजी घरानं कर्ज काढून पीठ मळायचं आणि मिरची वाळवायचं छोटं यंत्र घेतलं. आता दोन पाकिटं निघतात. एकावर लिहिलेलं असतं, 'गच्चीवर उन्हात वाळवलेली'. दुसऱ्यावर तितक्याच मोठ्या अक्षरांत, 'यंत्रात वाळवलेली'. दुसऱ्याची किंमत कमी. नाव दोन्हींवर तेच, कारण दोन्ही घरच्याच हातची.

गेल्या पंधरवड्यात पार्सल आलं, दोन्ही पाकिटं होती. खरं सांगतो, तळून दहीभाताबरोबर खाल्ली तर पहिल्या घासाला फरक कळला नाही. दुसऱ्याला कळला. उन्हातली मिरची जिभेवर आधी आंबट येते आणि मग तिखट.

फोनवर मावसभाऊ सांगत होता, यंत्राचं पाकीट दुपटीनं खपतंय, धारला तर तेच जास्त मागतात. मावशीला ते थोडं लागलंय. पण उन्हातल्या मिरचीचा माल आषाढ लागायच्या आतच संपला आणि पुढच्या वर्षासाठी लोकांनी नावं लिहून ठेवली, हेही तिनं मला दोनदा ऐकवलं. वहिनींच्या मनगटाची सूज उतरली आहे.

आपल्या भागातही घरोघरी असे धंदे आहेत. कुणाचा कुंदा, कुणाची चटणी, कुणाचे लाडू. केव्हा ना केव्हा प्रत्येक घरापुढं कुणीतरी येऊन म्हणतं, नाव तुमचं, माल आमचा. त्या दिवशी घरात दोन माणसांचं ऐकायला हवं, ज्याचं नाव आहे त्याचं आणि ज्याचं मनगट आहे त्याचं. यंत्र आणायचं की नाही हे दोघांनी मिळून ठरवावं. पाकिटावर काय लिहायचं हे मात्र ठरवायचा प्रश्नच नाही. जे आहे तेच लिहायचं.